बारा टिपन

सन १९९२. मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि तंजावरात माझ्यापेक्षा चांगली मराठी कोणास येत नाही असे माझे ठाम मत होते. शाळा म्हणाल तर पाचवीपर्यंत, तीही तमिळ शाळा, आणि पाचवीत मी दोनदा बसलो. सांगायला लाज नाही. जे शाळेत न जाता आले ते माझे स्वतःचे आहे, त्यात कोणा मास्तराचा वाटा नाही. तेव्हा मला देवनागरीचे एक अक्षर येत नव्हते. मराठी बोलायची ती घरात, आणि लिहायचे काही असले तर ते तमिळमध्ये. आमच्या गल्लीतल्या मराठी घरांत बहुतेक सगळ्यांचेच असे. मग हे कोण लिहितो म्हणून विचाराल. मीच लिहितो. कसे लिहू लागलो तीच ही हकीकत.

आमचे घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. दारापुढे लांब ओटा, त्यास आम्ही तिण्णै म्हणतो. एक दगडी, एक लाकडी असे दोन खांब. घरात माणसे तीन. आप्पा, म्हणजे माझे वडील. त्यांची विधवा बहीण गोदूआत्या. आणि मी. आई मी लहान असतानाच गेली. धाकटा भाऊ मद्रासला बँकेत. आप्पा स्वयंपाकी होते. मुंज असो, लग्न असो, श्राद्ध असो, मराठी घरांत चूल आप्पांची. पहाटे साडेचारला घरात कॉफीच्या बिया भाजल्याचा वास सुटे आणि मग दगडी रगड्याचा घर्रघर्र आवाज सुरू होई. तो आवाज थांबला की मी जागा होत असे. आवाज चालू असता झोप लागते आणि थांबला की जाग येते, हे ज्याच्या घरी रगडा होता त्यासच कळेल. आता माझ्या सुनेकडे मिक्सर आहे, तो सुरू झाला की मेलेला माणूसही उठून बसेल.

पण त्या वर्षी रगडा कमी फिरू लागला होता. लग्ने कल्याणमंडपात होऊ लागली, आणि मंडपवाल्यांनी आपले कंत्राटी आचारी आणले. आप्पांना बोलावणे येई ते फक्त श्राद्धाला. म्हणून मी तिण्णैवर एक पाटी टांगली होती, तमिळ अक्षरांत, ‘टिपन रेडी’. तमिळमध्ये फ नाही, त्यामुळे टिफिनचे टिपन होते, आणि आम्हीही तसेच म्हणतो. सकाळी आणि चारच्या सुमारास इडली, उपिट, शेवया असे काही ठेवायचे. चार-पाच गिऱ्हाइके येत. धाकट्याने पत्रावर पत्र धाडले होते, घर बंद करा, मद्रासला या, फ्लॅटमध्ये एक खोली तुमची. आप्पांनी मला सांगितले होते, “पोंगलपर्यंत पाहू सांबा. रोजची चूल पेटेल असे काही काम आले तर राहू. नाही आले तर जाऊ.” पोंगलला, म्हणजे संक्रांतीच्या सणाला, दीड महिना उरला होता. गॅसच्या दोन शेगड्या असलेल्या फ्लॅटमध्ये आप्पा कोठे बसतील, काय करतील, हे मला डोळ्यांपुढे आणवत नव्हते.

आणि अशात ते आले! पुण्याचे लोक! तेव्हा सगळीकडे नवे नवे येतच होते. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या रंगाचा टेलिफोन बूथ आला होता, एका घरावर भली मोठी थाळी बसवून परदेशी क्रिकेट दिसू लागले होते. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर, कालव्यापलीकडे, एका भाताच्या गिरणीवाल्याने नवी यंत्रे मागवली होती, आणि ती बसवायला पुण्याहून बारा माणसे आली होती. स्टँडजवळच्या लॉजमध्ये राहात. त्यांना कोणीतरी सांगितले, राजवाड्यामागे मराठी बोलणारी घरे आहेत, त्यात एक स्वयंपाकी आहे. एका संध्याकाळी जीप येऊन थांबली. त्यांचे मुख्य कुलकर्णी म्हणून होते, जाड चष्म्याचे. सोबत शिंदे नावाचा एक फिटर, माझ्याच वयाचा. कुलकर्णींनी दारातून विचारले, “कुणी आहे का घरात?”

एवढेच चार शब्द. पण ऐका, आमच्या उंबऱ्यावर येऊन अनोळखी माणूस मराठी बोलला असे माझ्या जन्मात प्रथमच घडत होते. आप्पा धोतराचा सोगा सावरत बाहेर आले. “यावे, यावे. आत यावे. बसावे. कॉफी घेणार कीं?”

शिंदे हसला. कुलकर्णी म्हणाले, “आजोबा, तुम्ही अगदी बखरीतलं बोलता हो!”

बखर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते, पण आप्पांची मान ताठ झाली. गोदूआत्या आतल्या दाराआडून पाहात होती. तिने माझ्या कानाशी येऊन विचारले, “हे खरेच मराठी बोलतात कां रे? फार घाईने बोलतात.” त्यांची मराठी पळत होती आणि आमची चालत होती, हे खरे.

कॉफी झाली. कुलकर्णी म्हणाले, “तीन आठवडे सांबार खातोय. पोरं कंटाळली. तुम्ही आमची सोय करा. उद्यापासून बारा टिफिन. गिरणीवर, साडेबाराला. रोज. चार महिने तरी.”

चार महिने! मी आप्पांकडे पाहिले. आप्पा नुसती मान हलवत होते. जीप गेली आणि आप्पा तिण्णैवर बसले. “सांबा, काहीतरी चुकते आहे. साडेबाराला कोणता देव टिपन खातो? सकाळी दहाला जेवण, तीन-चारला टिपन. साडेबाराला टिपन म्हणजे धड हे नव्हे, धड ते नव्हे. विचारून ये त्यास.”

“काय विचारू? टिपन मागितले, टिपन द्या.”

“त्यांच्याकडे निराळे काही म्हणत असतील.”

“आप्पा, मला मराठी कळते.” हे मी म्हणालो. हेच शब्द. तेहतीस-चौतीस वर्षे झाली, पण दुसऱ्या कोणी म्हटले असे मला लिहिता येत नाही.

आता आमच्याकडे टिपन म्हणजे काय ते नीट सांगतो, म्हणजे माझी बाजूही तुम्हाला कळेल. टिपन म्हणजे भाताशिवायचे खाणे. उपिट, इडली, अडै म्हणजे डाळींचे जाड धिरडे, शेवया. भात खाल्ला की ते जेवण, नाही खाल्ला की टिपन. म्हणूनच उपासाला टिपन चालते. गोदूआत्या एकादशी, अमावास्या आणि शनिवार रात्र भातास शिवत नसे. ती म्हणे, “आज मला टिपनच.” असे म्हणताना तिच्या तोंडावर जे पुण्य दिसे ते देवळातल्या गुरुजींच्याही तोंडावर मी पाहिले नाही.

तर दुसऱ्या दिवशी आप्पांनी पहाटे चूल पेटवली ती सणासारखी. तुपातले रवा-उपिट, त्यात काजू. सोबत वांग्याचा खट्टा, म्हणजे भाजलेल्या वांग्याचे चिंच घालून केलेले दाट कालवण. केशरी रंगाचा केसरी, म्हणजे तुमचा शिरा. केळीच्या पानांत बारा पुडे बांधले, मोठ्या उभ्या भांड्यात रचले, दुसऱ्या भांड्यात कॉफी. मोपेडच्या दोन्ही बाजूंस ती बांधून मी निघालो. कालव्याचे पाणी भरून चालले होते, दोहो बाजूंस हिरवे भात, आणि मी मोठ्याने गात होतो. काय गात होतो ते आठवत नाही, पण रस्त्यावरच्या म्हशींनी माना वर केल्या हे आठवते.

गिरणीत बारा जण लाकडी खोक्यांवर हात धुऊन बसले होते. मी एकेक पुडा ठेवला. त्यांनी उघडला. मग बाराही जण माझ्यामागे मोपेडकडे पाहू लागले.

शिंदे म्हणाला, “वा, नाश्ता पण! आणि टिफिन कुठाय?”

“हेच टिपन.”

“अहो, हा नाश्ता झाला. टिफिन?”

मी बोट लावून दाखवले. “हे उपिट. हा खट्टा. हा केसरी. यास टिपन म्हणत नाहीत तर काय म्हणतात?”

कुलकर्णींनी चष्मा काढून पुसला. “सांबाराव, सकाळी सातपासून पोरं लोखंड उचलतायत. उपम्यावर कसं भागेल? आम्हाला हे नकोय. आम्हाला डबा पाहिजे.”

येथे मला थांबून सांगितले पाहिजे. घरात आमच्याही डबा म्हणजे पत्र्याचा डबा, पिठाचा, साखरेचा. पण घराबाहेर, तमिळमध्ये, डबा म्हणजे टाकाऊ. डबा सिनेमा, डबा बस. ज्याचा कोणी मान ठेवीत नाही तो डबा. मी त्या उन्हात उभा, आप्पांनी पहाटेपासून रांधलेले समोर उघडे पडलेले, आणि हा माणूस सर्वांदेखत तो शब्द काढतो!

“आमच्या आप्पांचे रांधणे डबा?”

“अहो नाही, डबा पाहिजे!”

“डबा तुम्ही! तुमचे यंत्र डबा! तुमची जीप डबा! तीनशे वर्षे आम्ही येथे मराठी राखली, आणि तुम्ही काल येऊन आमच्या उपिटास डबा म्हणतां?”

गिरणीतले तमिळ मजूर कामे टाकून जमले. त्यांना मराठी कळत नव्हती, पण तो एक शब्द कळत होता, आणि मी तो दर वेळी वर चढवीत होतो. एकाने तर शिट्टी मारली. मी भांडी तेथेच टाकली, मोपेड वळवली आणि निघालो. तेथे म्हणायला सुचले नव्हते ते सगळे मी वाटेत कालव्यास ऐकवले.

घरी आप्पा मागच्या अंगणात दुसऱ्या दिवसासाठी सुरण सोलत बसले होते. हातास तेल लावलेले. मी सर्व सांगितले, थोडे वाढवूनच. मला वाटले, आप्पा उठतील, पाठीवर थाप देतील. आप्पांनी विळी आडवी केली आणि विचारले, “म्हणजे बारा माणसे जेवली नाहीत?”

“त्यांनी म्हटले काय ते ऐकलेत कीं?”

“ते ऐकले. भुकेल्या माणसास ताटावर तसाच सोडून आलास कीं, हे विचारतो.”

आप्पा पुन्हा सुरण सोलू लागले. ते सुरण आता कोण खाणार, मद्रासला तर सुरण नेता येत नाही, असे वेडेवाकडे विचार माझ्या डोक्यात आले.

तीन वाजता मास्तरमामा कॉफीला आले. शेजारचे, मराठीच, जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. माझा त्यांच्यावर राग होता, कारण पाचवीत दुसऱ्यांदा बसल्यावर ‘यास चुलीपाशी बसवा’ असा सल्ला आप्पांना त्यांनीच दिला होता. पण त्या दिवशी मला कोणीतरी न्याय करणारा पाहिजे होता. मी विचारले, “मामा, टिपन म्हणजे खाणे कीं भांडे? एक सांगा.”

मामांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि मग कॉफी अर्धी टाकून घरी गेले! असे त्यांनी कधी केले नव्हते. परतले ते खाकी कागदाचे वेष्टन घातलेले एक जाडजूड जुने पुस्तक काखेत घेऊन. नखाने पाने उलटू लागले. गोदूआत्या माळ घेऊन दारात येऊन बसली.

“टिफिन,” मामा म्हणाले. “शब्द तमिळ नव्हे, मराठीही नव्हे. इंग्रजी.”

“ते ठाऊक आहे.”

“तुला काही ठाऊक नाही, गप्प ऐक. जुन्या इंग्रजीत, तेही गावठी बोलीत, टिफ म्हणून शब्द होता. टिफ म्हणजे पातळ दारू. तिचा एखादा घोट. जेवणाची वेळ नसताना असा घोट घ्यायचा, त्यास टिफिंग म्हणत. ते साहेब येथे आले. मद्रासच्या उन्हात दुपारी घोट घेऊ लागले, घोटाबरोबर काही चावायला घेऊ लागले. पुढे घोट सुटला आणि चावणे राहिले. ते झाले टिफिन, साहेबांचे दुपारचे खाणे. साहेब गेला तो इंग्लंडात, तेथे हा शब्द मेला. येथे मद्रासकडे त्याचे उपिट झाले, मुंबईकडे त्याचा डबा झाला.”

मी ओट्यावरून उभा राहिलो. मी रोज तोंडात घोळवतो तो शब्द इतका फिरून आला होता! जहाजातून आला, दारूतून निघाला, साहेबाच्या टेबलावरून उतरला आणि आमच्या केळीच्या पानात येऊन बसला. पाचवीत मला जर कोणी असे काही सांगितले असते तर मी सहावीत गेलो असतो. “म्हणजे मामा, आमचेही खरे आणि त्यांचेही खरे?”

“दोघांचेही नव्हे. खरा अर्थ धरशील तर तू त्यांना बारा घोट दारू द्यायला पाहिजे होती.”

माळ थांबली. गोदूआत्या म्हणाली, “थांब रे. काय म्हणालास? कसले घोट?”

“दारूचे, आक्का. मूळ अर्थ.”

“आणि मी चाळीस वर्षे एकादशीला काय मागते?”

आप्पा तोंड फिरवून खांबाकडे पाहू लागले, त्यांचे खांदे हलत होते. आत्या उठली, विहिरीवर गेली आणि डोक्यावरून दोन घागरी ओतून घेतल्या. त्यानंतर ती अकरा वर्षे जगली. तो शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही. एकादशीला हाक मारी, “सांबा, माझे ते आण.”

मामांनी पुस्तक मिटताना माझ्याकडे पाहिले. “आणखी एक आहे. टिफ म्हणजे किरकोळ भांडणही. आज तू तेथे जे करून आलास, इंग्रजीत त्यासही टिफच म्हणतात. तेव्हा टिपन तू पोचवलेस, यात शंका नाही.”

पाच वाजता सायकलरिक्षा थांबली. शिंदे उतरला, दोन्ही भांडी घासून लखलखीत. मी खांबास पाठ लावून बसलो, उठलो नाही. त्याने भांडी आप्पांपुढे ठेवली आणि वाकून नमस्कार केला. “आजोबा, एक कण ठेवला नाही. त्या वांग्यावरून तर मारामारी झाली. पण चारला पुन्हा भूक लागली, काय करणार?” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “दादा, तुम्ही कशावरून चिडलात तेच आम्हाला कळलं नाही. डबा म्हटलं, त्यात काय वाईट? माझी आई पहाटे उठून डबा करायची, शाळेत असताना. आता बायको करते. येताना तिनं गाडीत डबा दिला होता, तो दोन दिवस पुरवून खाल्ला. आमच्यात डबा म्हणजे घरचं जेवण.”

मी त्यास सांगितले, येथे डबा म्हणजे काय. तो आधी टकमक पाहात राहिला, मग खांब धरून हसायला लागला. “अरे देवा! तीन आठवडे आम्ही ड्रायव्हरला सांगतोय, डबा, डबा कुठं मिळेल! तरीच तो जीपकडे बोट करायचा!”

मग मीही हसलो. पण हसलो म्हणजे चुकलो म्हणालो असे नव्हे. शिंदे जाताना म्हणाला, “साहेबांना तुमच्याचकडून पाहिजे. पण तुम्ही रागावलात, उद्या लॉजवाल्याला हो सांगावं लागेल. तुमचं काय ते सांगा.”

आप्पा माझ्याकडे पाहू लागले. माझ्या तोंडून हो निघेना. ही माझी खोड आहे, आजही आहे, माझी बायको त्याबद्दल तुम्हाला पुष्कळ सांगेल. मी म्हणालो, “पाहतो.”

शिंदे हुशार. तो म्हणाला, “बोलू नका. सकाळी साडेसहाला आमची जीप गल्लीच्या तोंडावरून जाते. मी आत वळवायला सांगतो. पाटीवर लिहा, ‘डबा मिळेल’. दिसलं तर थांबू, नाही दिसलं तर पुढं.”

तो गेल्यावर आप्पा एवढेच म्हणाले, “मी काही सांगत नाही. सुरण सोलून ठेवला आहे.”

तमिळमध्ये ‘डबा मिळेल’ लिहिणे म्हणजे आमच्या दाराशी कचरा मिळतो अशी जाहिरात करणे. गल्ली वर्षभर हसली असती. नुसत्या विचाराने माझे कान तापत होते. आणि मग, पाय धुता धुता, मला सुचले. गल्लीतल्या दुसऱ्या कोणास वाचता येत नाही अशी एक लिपी आप्पांना येत होती, पोथीची देवनागरी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रगडा थांबायच्या आधी उठलो. पाटी उतरवली, ‘टिपन रेडी’च्या खालची जागा ओल्या फडक्याने पुसली. गोदूआत्या दारात रांगोळी घालत होती. आप्पांना मी हात धरून बाहेर आणले आणि म्हटले, “लिहून दाखवा.” आप्पा उकिडवे बसले, आत्याच्या वाटीतले तांदळाचे पीठ चिमटीत घेतले आणि उंबऱ्यापुढे दोन शब्द काढले. मी खडूने पाटीवर उतरवू लागलो. ड मला उलटा आला. पुसला. दुसऱ्यांदा पोट फुगले. तिसऱ्यांदा आला. ब सोपा, पण त्याच्या पोटातली रेघ राहून गेली होती, ती आप्पांनी दाखवली. पाच अक्षरे लिहायला मला पाऊण तास लागला. पाटी टांगून मी मागे सरून पाहिले, आणि मला वाटले, हे मी लिहिले! कोणी शिकवले नाही, मी लिहिले!

तेवढ्यात फुले विकणारी मुत्तम्मा टोपली घेऊन आली. रोज पहिला मोगरा ती आत्याच्या देवाला देत असे. तिने पाटी पाहिली आणि तमिळमध्ये विचारले, “हे नवे काय लिहिलेस रे तंबी?”

मी म्हणालो, “देवाचे नाव.”

तिने टोपली खाली ठेवली, हातभर मोगरा तोडून पाटीवर माळला आणि डोळे मिटून हात जोडले. जीप आली, थांबली. कुलकर्णींनी पाटी वाचली, मोगरा पाहिला, हात जोडून उभी असलेली मुत्तम्मा पाहिली, आणि चष्मा काढून पुसू लागले. ते काही म्हणण्याच्या आत मी कमरेवर हात ठेवून पुढे झालो आणि गल्लीस ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारले, “बोला, किती डबे?”